आईबरोबर व्हिएतनाममध्ये, तांदळाच्या मागावर

परदेश म्हटलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिथे जाऊन खायचं काय?" व्हिएतनामचं तिकीट काढायच्या आधीही तिने तेच विचारलं. मी म्हटलं, "आई, तिथे लोक सकाळ, दुपार, संध्याकाळ तांदूळ खातात. आणि मासे." ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग बघूया."

आई मूळची कुडाळची, वय 66. मासे आणि कोंबडी आवडीने खाते, गुरुवारी मात्र कडक शाकाहारी. मी डुक्कर खाते, गोमांस नाही. धाकट्या भावाला कशालाच ना नाही. असे आम्ही तिघं 8 ते 17 मार्च 2025 हे दहा दिवस उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत गेलो. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे. ई-व्हिसा एका प्रवेशाचा 25 डॉलरला मिळतो, तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. पैशांचा हिशोब सोपा आहे. आम्ही गेलो तेव्हा रुपयाला साधारण 290 डोंग पडत होते, म्हणजे 60,000 डोंगचा वाडगा दोनशे रुपयांच्या आसपास.

शनिवार, 8 मार्च: हनोई

उतरलो तेव्हा पाऊस पडतोय की धुकं आहे ते कळत नव्हतं. हनोईत फेब्रुवारी-मार्चमध्ये अशी पिठासारखी भुरभुर सुरू असते. छत्री उघडावीशी वाटत नाही आणि केस मात्र ओले होतात. शहरभर फुलांच्या टोपल्या दिसत होत्या. आधी वाटलं, कुठला सण आहे, मग लक्षात आलं की आज महिला दिन. व्हिएतनाममध्ये तो मनापासून साजरा करतात. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने आईच्या हातात लाल गुलाब ठेवला. आईने तो दहा दिवस डायरीत जपला आणि कुडाळपर्यंत नेला.

जुन्या शहरातल्या गल्लीत शिरलो तेव्हा आई एकदम थांबली. "बाद्यान भाजतायत कोणतरी." कोपऱ्यावर भलंमोठं पातेलं उकळत होतं. तो फोचा रस्सा, फो म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया. चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, विस्तवावर काळं केलेलं आलं आणि कांदा. आमच्या मालवणी मसाल्यातले हे नेहमीचे गडी. व्हिएतनामच्या उत्तरेला लांग सन भागात चक्रीफुलाची झाडं आहेत, आणि भारतात येणाऱ्या चक्रीफुलाचा मोठा वाटा याच देशातून येतो. आपण बाद्यान तेलावर परतून, वाटून, खोबऱ्यात मिसळून टाकतो. हे लोक अख्खं फूल कोरडं भाजून हाडांच्या पाण्यात तासन् तास ठेवतात. पाणी नितळच राहतं, वास तेवढा उतरतो. आईने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "ह्यात मसाला दिसत नाय, पण आसा."

आम्ही घेतला तो फो गा, म्हणजे कोंबडीचा. गोमांस न खाणाऱ्यांनी दोन अक्षरं पाठ करावीत: "गा" म्हणजे कोंबडी, "बो" म्हणजे गाय. मासा "का", कोळंबी "तोम", डुक्कर उत्तरेत "लन" आणि दक्षिणेत "हेओ". पाट्यांवर एवढंच वाचता आलं तरी निम्मी काळजी मिटते. एक मात्र ध्यानात ठेवा: वाटीत कोंबडी असली तरी शेजारच्या पातेल्यात गोमांसाचा रस्सा असू शकतो. ज्यांना चालत नाही त्यांनी फक्त फो गा विकणारं दुकान शोधावं. अशी दुकानं हनोईत भरपूर आहेत.

रविवार, 9 मार्च: हनोई

या प्रवासातली माझी सर्वांत आवडती सकाळ. पहाटे भटकताना एक बाई फुटपाथलगतच्या खोलीत बान्ह कुअन करताना दिसल्या. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर कापड ताणून बांधलेलं. त्यावर तांदळाचं पातळ पीठ डावाने पसरायचं, झाकण ठेवायचं, पाऊण-एक मिनिटात उघडायचं. कापडावर मलमलीसारखी साय धरलेली असते. बांबूची चपटी काडी खाली सारून ती अलगद उचलायची, ताटावर टाकायची, आत काळ्या अळंब्यांचं आणि खिम्याचं सारण भरून गुंडाळायची. वर तळलेला कांदा.

आई तिथून हलेना. घावन घालण्यात तिचा हात गावात नावाजलेला, पण बिनतव्याचं, बिनतेलाचं, वाफेवरचं घावन तिने कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी तिची नजर ओळखली आणि काडी तिच्या हातात दिली. पहिली साय फाटली. दुसरी निम्मी आली. तिसरी अख्खी आली तेव्हा रांगेतल्या दोन आज्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यासाठी बाईंनी डुक्कर वगळून नुसत्या अळंबीच्या गुंडाळ्या केल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पीठ किती पातळ हवं हे हातांनी दाखवत पंधरा मिनिटं बोलणं चाललं.

त्या खोलीत एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख झाली. ही वाफवलेली साय गुंडाळली की बान्ह कुअन. हीच जरा जाड करून पट्ट्या कापल्या की फोच्या शेवया. हीच उन्हात चटईवर वाळवली की बान्ह चांग, तो रोल बांधायचा पारदर्शक कागद. आपण तांदूळ शिजवून खातो किंवा दळून थापतो. इथे तांदूळ भिजवून वाटतात आणि मग त्याचं कापड विणल्यासारखं करतात.

दुपारी बुन चा खाल्लं. कोळशावर भाजलेले डुकराच्या मांसाचे तुकडे आणि टिक्क्या, कोमट आंबटगोड पाण्यात कच्च्या पपईच्या चकत्यांबरोबर बुडवलेल्या. बाजूला गार बुन, म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, आणि पाल्याचा ढीग. हे हनोईचं दुपारचं जेवण आहे, संध्याकाळी शोधाल तर खरी चांगली दुकानं बंद असतात. 2016 साली बराक ओबामा हनोईत येऊन प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हेच जेवले होते. आईने मांसाला हात लावला नाही, पण बुन बघून म्हणाली, "हे तर आपले शिरवाळे गो!" खरंच तसंच आहे. आपण उकडीचे गोळे शिजवून साच्यातून दाबतो आणि नारळाच्या गोड रसात बुडवतो. हे लोक आंबवलेलं पीठ सरळ उकळत्या पाण्यातच दाबतात. तिने पिशवीतून गुळाचा खडा काढला आणि बुनबरोबर खाल्ला.

रात्री चा का. हनोईत एका गल्लीचं नावच या पदार्थावरून पडलं आहे. पूर्वी ती हांग सन, म्हणजे रोगणाची गल्ली होती. टेबलावर शेगडी, त्यावर तवा, तव्यात हळद आणि गलांगल (आल्याच्या जातीचा कंद) लावलेले माशाचे तुकडे, आणि त्यावर मूठमूठ शेपू आणि कांद्याची पात. शेपू! मासा आणि शेपू एकत्र येतील असं आमच्या घरात कुणी स्वप्नातही आणलं नसतं. शेपू तेलात पडला की त्याचा उग्रपणा जातो आणि गोडसर वास उरतो. बरोबर बुन, शेंगदाणे आणि माम तोम, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचं जांभळट वाटण, लिंबू आणि साखर घालून फेसाळ केलेलं. वास जबर आहे. ज्यांच्या घरात सुकट भाजली जाते त्यांना तो ओळखीचा वाटेल, इतरांनी साधं नुओक माम, म्हणजे माशाचा पातळ सॉस, मागावं. कुणी नावं ठेवत नाही.

सोमवार, 10 मार्च: हनोई ते ह्वे, रात्रीची गाडी

सकाळी अंड्याची कॉफी. 1946 साली दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्युएन वान जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. त्यांच्या कुटुंबाचं कॅफे आजही जुन्या शहरात चालतं. एका अरुंद बोळातून आत जावं लागतं. पेला गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात, कारण गार झाली की अंड्याचा वास जाणवतो. म्हणून गप्पा नंतर, कॉफी आधी.

बाजारात एका टोपलीत केळीच्या पानात बांधलेला हिरवा भात दिसला. तो सोय कोम. कोम म्हणजे कोवळ्या चिकट तांदळाचे भाजून, कांडून केलेले हिरवे पोहे. हनोईजवळचं वोंग गाव यासाठी प्रसिद्ध आहे आणि ताजा कोम शरद ऋतूतच मिळतो, कमळाच्या पानात बांधलेला. आम्हाला वाळवलेल्या कोमचा भात मिळाला, वर मुगाची डाळ आणि खोबऱ्याचा कीस. कोवळ्या कणसाचा हुरडा आणि पोहे यांच्या मधलं काहीतरी, आणि खोबरं. आईने डोळे मिटून खाल्लं. ज्यांना जमेल त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हनोईला जावं, फक्त यासाठी.

ह्वेला जाणारी गाडी साडेतेरा-चौदा तास घेते. चार बर्थच्या डब्यात आमच्याबरोबर निवृत्त शिक्षिका होत्या, मुलीकडे निघालेल्या. फोनवरच्या भाषांतराने बोलत होतो. त्यांचं माहेर हा तिन्ह प्रांतात. रात्री त्यांनी पिशवीतून गोल पुडकं काढलं. तिळाच्या दोन भाजलेल्या तांदूळ-पापडांच्या मध्ये गूळ, शेंगदाणे आणि आलं. भावाने गावाहून पाठवलेलं कु दो. आई म्हणाली, "चिक्की!" आणि आमच्या डब्यातली लोणावळ्याची चिक्की पुढे केली. बाईंनी ती कागदातून काढली, वास घेतला, चव घेतली आणि फोनमध्ये काहीतरी टाइप केलं. पडद्यावर मराठीत उमटलं: "तुमच्यात आलं नाही. थंडीत आलं पाहिजे." आईला ते एकदम पटलं.

मंगळवार आणि बुधवार, 11-12 मार्च: ह्वे

ह्वे ही 1802 पासून 1945 पर्यंत न्युएन राजांची राजधानी. तट, खंदक, राजवाडा सगळं बघितलं, पण मी खाण्यावरच लिहिते. राजधानीची सवय या शहराच्या ताटात उतरली आहे. इथे सगळं लहान लहान वाट्यांत येतं, नीट मांडलेलं. आणि इथलं खाणं तिखट आहे. घरून पिशवीत आणलेली मालवणी चटणी आईने इथे बाहेर काढलीच नाही.

नदीपलीकडच्या एका घराच्या ओसरीवर आम्ही बान्ह बेओ खाल्ले. बशीएवढ्या वाट्यांत वाफवलेलं तांदळाचं पीठ, मध्ये खळगा, त्यात सोड्यांची भुकटी आणि कुरकुरीत तुकडा. दहा-दहा वाट्यांचं ताट येतं. चमच्याने कडेने फिरवून सोडवायचं आणि एका घासात संपवायचं. मग बान्ह नाम, केळीच्या पानात चपटं वाफवलेलं, अगदी आमच्या पातोळीसारखं, फक्त हळदीच्या पानाऐवजी केळीचं पान आणि गुळखोबऱ्याऐवजी कोळंबी. आणि बान्ह लोक, ज्याचं आवरण साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कंदाच्या पिठाचं. शिजलं की काचेसारखं होतं आणि आतली अख्खी कोळंबी दिसते. ओसरीवरच्या आजींनी आईला पान सोलायची रीत दाखवली. पान फाडायचं नाही, उलगडायचं, म्हणजे पीठ पानाला चिकटत नाही. आई म्हणाली, "माका शिकवतास काय?" आणि दोघी हसल्या.

बुधवारी सकाळी कम हेन. हुओंग नदीत कोन हेन नावाचं बेट आहे, तिथले लोक पिढ्यान् पिढ्या नदीतले बारीक शिंपले काढत आले. हेन आपल्या तिसऱ्यांहून लहान, नखाएवढे. खाली गार भात, खरं म्हणजे उरलेला भात. त्यावर परतलेले हेन, केळफुलाचे तंतू, आंबट करमळाच्या चकत्या, अळूच्या जातीचे देठ, शेंगदाणे, तीळ, पुदिन्याच्या भावंडांचा पाला, चमचाभर आंबवलेल्या कोळंबीचं वाटण आणि भाजक्या मिरचीचं तेल. वरून डुकराच्या कातडीचा कुरकुरीत चुरा घालतात, तो आईने नको म्हटला. शेजारी हेन उकडलेलं पांढरट पाणी, पाहिजे तर ओतायचं, नाहीतर प्यायचं.

आई त्या वाटीपाशी गप्प झाली. मग म्हणाली, की लहानपणी कर्लीच्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या काढायला जायचो, आणि सकाळचा शिळा भात तिसऱ्यांच्या पाण्यात कालवून आजी द्यायची. पाव्हण्यांसमोर कधी वाढायची नाही, लाज वाटायची. इथे तोच शिळा भात शहराची ओळख म्हणून अभिमानाने वाढतात. ही वाटी आम्हाला 15,000 डोंगला पडली, पन्नास रुपयांच्या आसपास. सगळ्या प्रवासातलं सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत श्रीमंत जेवण. सकाळी नऊच्या आत जा, नंतर संपतं.

बुन बो ह्वेचा इथे फार बोलबाला आहे. गवती चहा आणि मिरचीचा लालभडक रस्सा, जाड गोल शेवया. तो गोमांसाचा आणि डुकराच्या पायाचा, त्यामुळे फक्त भावाने खाल्ला. पण ह्वेत बौद्ध मठ पुष्कळ आहेत आणि शाकाहारी खाणावळीही. तिथे मी आणि आईने अळंबी आणि टोफूचा बुन बो खाल्ला. गवती चहाची झणझणीत वाफ तीच होती.

गुरुवार, 13 मार्च: होई आन, आणि होळी

ह्वेहून दा नांगपर्यंत आगगाडीच घ्या, डावीकडची खिडकी. हाय वान घाटात रूळ समुद्राच्या अगदी कडेने जातात. अडीच-तीन तासांत दा नांग, तिथून तीसेक किलोमीटरवर होई आन.

या दिवशी मात्र घोटाळा झाला. गुरुवार असल्याने मी स्टेशनाजवळच्या एका टपरीवर आईसाठी शाकाहारी नूडल्स मागितल्या. शाकाहारीला "चय" म्हणतात, सपाट स्वरात. माझा स्वर वर गेला आणि अर्थ झाला "जळणे". बाईंनी मान डोलावली आणि वाटी आली, वर डुकराचा चुरा. आईने शांतपणे वाटी भावाकडे सरकवली आणि दोन केळी खाल्ली. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी फोनवर तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आणि दर वेळी दाखवला. तुम्हीही तेच करा. आणि साध्या खाणावळीत "मांस नको" म्हणून भागत नाही, कारण रस्सा हाडांचा आणि चटणी माशाची असते. "चय" पाटीच्या खाणावळीतच जा. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच व्हिएतनामी लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी इतर ठिकाणीही शाकाहारी पदार्थ वाढतात.

आणि इथेच एक सुंदर योग जुळून आला. होई आनमध्ये चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री जुन्या शहरातले दिवे मालवून कागदी आणि रेशमी कंदील लावतात. या महिन्यात ती रात्र 13 मार्चला आली, म्हणजे आपल्या होळीच्या संध्याकाळी. नदीवर दिव्यांच्या होड्या, दुकानांच्या दारात फळं, फुलं, उदबत्त्या आणि पितळी भांड्यात जाळायचे कागद. एका दारात आजी जाळाभोवती कागद सोडत होत्या. आई तिथे थांबली, हात जोडले, मग मला म्हणाली, "आज पुरणपोळी नाय झाली."

वीस पावलांवर खांद्यावर कावड घेतलेली एक बाई केळीच्या पानातल्या काळ्या वड्या विकत होती. बान्ह इत ला गाय. "गाय" नावाच्या झुडपाच्या पानांनी काळं झालेलं चिकट तांदळाचं आवरण. पान उलगडून तोडलं, आत मुगाचं गोड पुरण, खोबरं घातलेलं. आम्ही दिव्यांच्या उजेडात नदीच्या पायऱ्यांवर बसून ते खाल्लं. पहिला तुकडा आईने नदीकाठच्या दिव्यापाशी ठेवला. नैवेद्य.

शुक्रवार, 14 मार्च: होई आन आणि चा क्वे

होई आनचा स्वतःचा पदार्थ काओ लाउ. जाड, चिवट, पिवळसर तपकिरी शेवया, डुकराचे काप, चमचाभर गडद रस्सा, पाला आणि तळलेल्या शेवयांचे चौकोन. रीतीप्रमाणे तांदूळ राखेच्या पाण्यात भिजवतात, राख समोरच्या चाम बेटावरच्या झाडांची, आणि पाणी गावातल्या बा ले विहिरीचं. त्या खारानेच शेवयांना रंग आणि चिवटपणा येतो. पापडखार घातला की पापड जसा बदलतो, तसंच. विहीर एका बोळात आहे, लहान आणि चौकोनी. सोळाव्या-सतराव्या शतकांत इथे चिनी, जपानी व्यापारी जहाजं लागत, आणि लोक म्हणतात की या शेवयांत त्यांचाही हात आहे. खाताना ते पटतं, कारण असं जाड आणि चिवट काही व्हिएतनामभर दुसरं मिळालं नाही.

दुपारी सायकलवरून चा क्वे गावात गेलो. नदीतलं शेवाळ काढून वाफ्यांत पुरतात आणि त्यावर पाला वाढवतात. रासायनिक खताला इथे परंपरेने थारा नाही. एक शेतकरी काका झारीची जोडी खांद्यावर घेऊन वाफे भिजवत होते. त्यांनी आईला एकेक पान चुरगाळून दिलं. जांभळा तिया तो, माशासारखा वास येणारा जिएप का, धारदार पानांचा न्गो गाय, ज्याचा वास थेट कोथिंबिरीचा. तुळशीचं पान पुढे केलं तेव्हा आईने ते आधी कपाळाला लावलं. काका क्षणभर बघत राहिले, मग त्यांनीही तसंच केलं.

तिथेच बान्ह सेओ केला. नावातला "सेओ" म्हणजे चर्र असा आवाज. तांदळाचं पीठ, हळद, पाणी. तापल्या तव्यावर ओतलं की चर्र. वर कोळंबी, मोड आलेले मूग, आणि दुमडायचं. आईचं घावनच, पण कडकडीत. हे तांदळाच्या कागदात पाल्यासकट गुंडाळून, सॉसमध्ये बुडवून खातात. मधल्या प्रांतात तळहाताएवढं असतं, दक्षिणेत नारळाचं दूध घालतात आणि परातीएवढं मोठं करतात.

शनिवार, 15 मार्च: मी सन, मग सायगाव

पहाटे "मी सन" या जुन्या देवस्थानाला गेलो. या भागातल्या प्राचीन चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरं, विटांची, जंगलातल्या खोऱ्यात. चौथ्या शतकात इथे भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना झाली. बरेच शिलालेख संस्कृतात आहेत. 1969 च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात बरंच उद्ध्वस्त झालं, खड्डे अजून दिसतात. एका भग्न गाभाऱ्यात लिंगाजवळ आईने कालची तुळस ठेवली.

येताना रस्त्याकडेला "मी क्वांग" खाल्लं. हळदीने पिवळ्या रुंद शेवया, रस्सा जेमतेम तळाला, कोंबडी, शेंगदाणे, वर तिळाचा मोठा पापड चुरून. क्वांग नाम भागातल्या माणसाला सायगावात भेटलात तर तो याच वाटीसाठी हळवा होतो, असं गाडीवाल्याने सांगितलं. तो स्वतः इतका हळवा होता की आमच्याबरोबर बसून दोन वाट्या खाल्ल्या. संध्याकाळी विमानाने सायगाव, म्हणजे आजचं हो ची मिन्ह शहर.

रविवार, 16 मार्च: सायगाव

कम ताम म्हणजे कण्यांचा भात. गिरणीत तांदूळ सडताना तुटलेले दाणे विकले जात नसत, ते शेतकरी आणि मजूर शिजवून खात. आज तो सायगावचा सर्वांत लाडका नाश्ता आहे. मऊ, किंचित चिकट कण्या, वर पातीचं तेल, कोळशावर भाजलेला गोडसर मांसाचा काप, तळलेलं अंडं, काकडी, लोणचं, आणि पातळ केलेलं गोड नुओक माम सगळ्यावर ओतायचं. आईसाठी कोंबडीचा घेतला.

तिने कण्या हातात घेऊन पाहिल्या. "आजारी माणसाला पेज करतो आपण ह्याची." मग दोन प्लेटा संपवल्या.

दक्षिणेत सगळंच गोड होतं, हे पहिल्या घासातच कळतं. फोसुद्धा. 1954 साली देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेकडून लाखो लोक दक्षिणेत आले आणि फो घेऊन आले. इथे त्याला मोड आलेले मूग, तुळस आणि गोड काळा सॉस मिळाला. हनोईकर याला मान्यता देत नाहीत. मला दोन्ही आवडले, पण मत विचाराल तर हनोई. नितळ रस्स्यात लपायला जागा नसते.

दुपारी मारियम्मनच्या देवळात गेलो. तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं हे देऊळ भर शहरात आहे, आणि आत उदबत्त्या लावणारे बहुतेक व्हिएतनामी होते. त्या व्यापाऱ्यांबरोबर आलेली करी इथे का री गा झाली. नारळाचं दूध, हळदीचा मसाला, गवती चहा, रताळी आणि कोंबडी. भात नाही, पावाबरोबर खातात. फ्रेंचांचा पाव, तमिळांचा मसाला, इथला गवती चहा. आईने पाव रश्श्यात बुडवला आणि म्हणाली, "कोंबडी-वडे."

सोमवार, 17 मार्च: कान थो

आदल्या रात्रीच बसने मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कान थोला पोचलो होतो, 170 किलोमीटर. पहाटे पाचला होडी. तिथला "काय रांग" हा तरंगता बाजार रस्ते झाल्यापासून आक्रसत चालला आहे, म्हणून बघायचा असेल तर लवकर जा, दिवसानेही आणि वर्षानेही. होडीवर बांबू उभा असतो, त्याला जे विकायचं ते टांगलेलं. अननस टांगलेला असेल तर अननसाची होडी. नूडल्स विकणारी होडी आमच्या होडीला येऊन चिकटली, बाईंनी हलत्या पाण्यावर उकळता रस्सा न सांडता तीन वाट्या दिल्या.

दुपारचं जेवण एका बागायतदाराच्या घरी. चिंचेची झाडं, नारळ, ओहोळ. मातीच्या लहान मडक्यात का खो तो, साखरेच्या पाकात आणि माशाच्या सॉसमध्ये काळपट होईपर्यंत आटवलेला मासा. आणि कान्ह चुआ. चिंचेचं आंबट पाणी, मासा, टोमॅटो, अननस, भेंडी, आणि स्पंजासारखे अळूच्या जातीचे देठ. मोठ्या वाडग्यात, शेजारी पांढरा भात.

आईने पहिल्यांदाच चॉपस्टिक्स बाजूला ठेवल्या. घरमालकीणबाईंकडे बघितलं, त्यांनी मान डोलावली. मग हाताने भात कालवला.

(परतीची सूचना: नुओक मामच्या बाटल्या हातातल्या सामानात नेता येत नाहीत, आणि मोठ्या सामानातही काही विमान कंपन्या घेत नाहीत. आधी विचारा. कॉफी, गाळणी, वाळवलेला कोम आणि तांदळाचे कागद बिनधास्त आणा.)

गेल्या रविवारी कुडाळहून फोन आला. सुरमईला हळद लावून शेपूत परतली होती. "शेजारणीक दिली," आई म्हणाली. "तिका सांगूक नाय शेपू म्हणून. खाऊन झाल्यावर सांगितलंय."